अनुजाच्या अंगात कोण आलं होतं?

जयवंतकाकांनी काठी लवूबुवांच्या पायाशी ठेवली आणि भोईवाड्यातल्या आमच्या चाळीचा जिना ते काठीशिवाय चढायला लागले. खाली अंगणात माणसं, वर गॅलरीत माणसं, ज्यांना कुठंच जागा मिळाली नाही ती पाण्याच्या पिंपांवर चढलेली. काका एकेक पायरी चढत होते आणि दहीहंडीचा थर लागावा तसा प्रत्येक पायरीला गलका होत होता. शेवटच्या पायरीवर पोचून त्यांनी दोन्ही हात उंचावले.

"बघा रे! गुडघो आसा की नाय, ताच कळत नाय माका!"

लवूबुवांनी समाधानानं डोळे मिटले. बुवा पन्नाशीचे. कडक इस्त्रीचा झब्बा, कानात अत्तराचा बोळा, पुढ्यात तांब्याचा गडू आणि पळी. गडूत तीर्थ. वास तुळशीचा आणि कापराचा, चव मात्र मागून कडूजहर. दर रविवारी दुपारी ते करी रोडहून टॅक्सीनं यायचे आणि आमच्या चाळीला पळीपळीनं बरं करून जायचे.

"आमी काय करत नाय," बुवा म्हणाले. "आमी नुसती पळी. करणारो तो!" आणि बोट वर. वर पत्र्यावर डिश अँटेना होत्या. सगळ्यांनी हात जोडले.

मग गाऱ्हाणं सुरू झालं. आम्हा कोकणातल्या माणसांच्या रक्तातच आहे ते. एकानं देवापुढं मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. माझे वडील घालायचे. त्यात शेजाऱ्याच्या म्हशीपासून परगावच्या पाहुण्यापर्यंत सगळ्यांचं भलं मागितलेलं असायचं. गाऱ्हाण्याला कुणी मध्ये अडवत नाही, 'नाही' तर कुणी म्हणतच नाही. बुवानं नेमकं तेच हेरलं होतं.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरांची दुखणी दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जा काय आड येत आसात, ता पायाखाली घे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जी तीर्थावर इस्वास ठेवीत नाय, तेंका बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!"

हे शेवटचं ते माझ्याकडं बघून म्हणाले.

त्यांचं शास्त्र सोपं होतं. तीर्थ लागू पडलं तर दुखणं शरीराचं होतं आणि ते पळालं. तीर्थ सोसलं नाही, अंग थरथरायला लागलं, तर आत दुसरं कोणीतरी बसलेलं आहे, त्याला उठवायला आणखी तीर्थ. म्हणजे बरं वाटलं तरी बुवा खरे, बिघडलं तरी बुवाच खरे. मी दादरच्या हिंदमाता बाजारातल्या दुकानांसाठी ब्लाऊज शिवते. ब्लाऊज बसला तर माझी शिलाई चांगली आणि नाही बसला तर बाईच्या अंगात कोणीतरी आहे, असं मी एकदा तरी म्हणून बघायला हवं होतं.

माझा संशय देवाधर्मातून सुरू झाला नाही. संडासाच्या रांगेतून सुरू झाला. आमचे संडास सामाईक, मजल्याच्या टोकाला. पूर्वी रांग भराभर सरकायची. तीर्थ सुरू झाल्यापासून आत गेलेलं माणूस बाहेरच येईना. बाहेरचे बादल्या घेऊन ताटकळलेले. "काका, झोपलात काय आत?" "गप रे, बाबा, देवाचं नाव घेतोय!" सगळ्या मजल्याचं पोट एकदम कसं काय बसलं? आणि बसलं ते तीर्थ घेणाऱ्यांचंच. तीर्थ न घेणाऱ्या माझं, म्हणजे या मनूचं, अगदी वेळेवर.

मध्ये बुवा गावी गेले होते. एक रविवार चुकला. तर जयवंतकाका गॅलरीत घोंगडी घेऊन बसलेले, नाकातून पाणी, जांभईवर जांभई, अंगावर काटा. म्हटलं, "काका, ताप आला?"

"ताप नाय गो. देवाची ओढ लागली."

देवाची ओढ मी पाहिली आहे. त्यात नाक गळत नाही.

पण कुणाचं पोट बसलं म्हणून चाळीत लढाई करता येत नाही. मी गप्प होते. रमाबाईंनी त्यांच्या लेकीला, अनुजाला, बुवासमोर बसवलं, तेव्हा मात्र मी मशीन सोडून अंगणात उतरले.

अनुजा माझ्या शेजारच्या खोलीतली. दादरला एका ऑफिसात हिशेबाचं काम बघते. वडील गेल्यानंतर ती हळूहळू विझतच गेली. केस विंचरेना, जेवेना, ऑफिसला जायच्या वेळी दारात उभी राहून नुसती रडायची. मग ती स्वतःच सरकारी इस्पितळात गेली. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून निदान केलं, रोज सकाळी एक गोळी दिली. काही आठवडे काही नाही. मग एक दिवस माझ्या मशीनपाशी बसून म्हणाली, "मावशी, तुझा ब्लाऊज घातला की श्वास घ्यायचा की नाही, ते आधी सांगत जा." मला एवढा आनंद झाला की शिवण वाकडी गेली.

रमाबाई मात्र चाळीत सांगायच्या, "शक्तीच्या गोळ्या चालू हत. अशक्तपणा आसा." मी एकदा म्हटलं, "रमाबाई, खरं सांगायला काय हरकत आहे?"

"खरा सांगू? डोक्याची गोळी खाता म्हणान सांगू? मग तिका सोयरिक तू आणशीत?"

बुवांना हे कुणीतरी पोचवलं. त्या रविवारी त्यांनी एक पळी तीर्थ अनुजाच्या हातावर घातलं आणि फर्मावलं, "त्या गोळये आधी फेकून दिया. गोळी आणि तीर्थ एका घरात रवनत नाय." अनुजा नको म्हणत होती. आई रडली, भाऊ राजेशनं समजूत घातली, "एकदा करून बघ, मम्मीसाठी." तिनं गोळ्यांचं पाकीट आईच्या हातात दिलं आणि तीर्थ प्यायली.

थोड्या वेळानं तिचे हात थरथरायला लागले.

"आसा!" बुवा एकदम उभेच राहिले. "आत कोणतरी आसा! मी काय सांगितलंय?"

गर्दी मागं सरकली. बुवांनी रमाबाईंच्या हाती एक बाटली दिली. सकाळ-संध्याकाळ पाजायची, पुढच्या रविवारी त्याला बाहेर काढू.

तो आठवडा मी शेजारच्या भिंतीतून ऐकला. अनुजाला झोप नव्हती. खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या. कपडे घामानं ओले. आणि सगळ्या मजल्याचं पोट बसलेलं असताना ही पोर दिवसभर संडासाकडं धावत होती. मी दोनदा दार ठोठावलं. म्हटलं, हिला डॉक्टरकडं नेऊ. रमाबाई दार अर्धंच उघडायच्या. "बुवा म्हणालेत, बाहेर पडताना तरास देतोच तो. तू मध्ये पडा नको, मनू."

रविवारी तिला दोघांनी धरून अंगणात आणलं. पाटावर बसवलं. तिचा जबडा थडथडत होता. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळ्यांचा रंगच दिसेना. आणि पाय! मशीनच्या पायट्यावर ठेवल्यासारख्या टाचा आपोआप जमिनीवर आपटत होत्या.

"उठलो!" बुवा गरजले. "कोण तू? खंयसून इलंस?"

अनुजा ओठ हलवत होती. आवाज फुटत नव्हता.

"बोलत नाय? बघतंय कसो बोलत नाय तो." बुवांनी पळी बाजूला ठेवली. पितळी पेला घेतला आणि गडू कलंडवून काठोकाठ भरला. "राजेश, धर तिका घट्ट."

राजेशनं खांदे धरले. रमाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. बुवांनी पेला उंच केला.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराक आज मोकळा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पेल्यानं तेका भायर काढ!"

"नाय म्हाराजा!"

तो आवाज माझा होता, हे मला सगळ्यांनी माझ्याकडं वळून बघितल्यावर कळलं. गाऱ्हाण्याला 'नाही' म्हटलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मीसुद्धा नाही. बुवांचा हात हवेतच थांबला होता, आणि मला तेवढीच फट हवी होती.

"बुवा," मी म्हटलं, "कोण तू असं विचारायची रीत आहे ना? मग मला विचारू द्या. माझ्या अंगाखांद्यावर वाढलीय ती."

"बायलमाणसान ह्याच्यात..."

मी तोवर पाटासमोर बसलेही होते. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कपाळ तव्यासारखं तापलेलं. "सांग गो बाय. कोण तू?"

दात एकमेकांवर आपटत होते. पण शब्द आला. "अ... अनुजा."

अंगणात कुजबुज उठली.

"लबाड बोलता तो!" बुवा ओरडले. "तिचा नाव घेता, फसयता!"

"मावशी, मला... पाजू नका. डॉक्टरकडं... ने."

राजेशचे हात सैल पडले. तो पुढं येऊन तिच्या तोंडाकडं बघायला लागला. "मम्मी," तो म्हणाला, "ही अनूच आहे. दुसरं कोणी नाही. अनूच बोलतेय."

बुवांनी पेला तिच्या ओठांशी नेला आणि राजेशनं तो हातानंच उडवला. तीर्थ माझ्या साडीवर सांडलं. त्यानं बहिणीला उचललं आणि गर्दीत घुसला. "बाजू व्हा! अरे, बाजू व्हा ना!"

"वाटेत काय झाला तर आमी जबाबदार नाय!" बुवा मागून म्हणाले.

"हे पहिलं खरं बोललात," मी म्हटलं, रमाबाईंच्या खोलीत जाऊन फळीवरची ती तीर्थाची बाटली उचलली आणि टॅक्सीकडं धावले.

इस्पितळातल्या डॉक्टर उर्वी वयानं अनुजाएवढ्याच असाव्यात. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलणं तुटक. अनुजाला खाटेवर घेतलं, ताप बघितला, नाडी बघितली. मग तिचा एक पाय हातात घेऊन पंजा झटकन वर दाबला. पाय त्यांच्या हातात आपोआप ठकठक, ठकठक उडायला लागला. थांबेचना.

रमाबाईंनी हात जोडले. "बघा, डॉक्टरबाय. तोच नाचता तो."

"काकू, यात कोणी नाही. नसा आहेत या, बेभान झालेल्या." त्यांनी नर्सला सलाईन आणि कसलंसं इंजेक्शन सांगितलं, मग रमाबाईंकडं वळल्या. "ही कोणती औषधं घेते?"

"काय नाय. शक्तीच्या गोळये घेई. त्यापण बंद."

"काकू, माझ्याकडं वेळ नाही. खरं सांगा."

मी बाटली टेबलावर ठेवली, तीर्थाचं सगळं सांगितलं. नैराश्याची गोळी होती, बुवानं बंद करवली, हेही सांगितलं. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. "गोळी बंद असती तर एवढं व्हायला नको. बंद केली, हे नक्की?"

मी रमाबाईंकडं बघितलं. त्या भिंतीकडं बघत होत्या.

"रमाबाई," मी म्हटलं, "पोरगी हातची जाईल. इथं चाळीतलं कोणी नाही. बोला."

त्यांनी आधी मान हलवली. मग एकदम बोलायला लागल्या, एका दमात. "फेकूक धीर नाय झालो माझो. बुवा म्हणालो फेक, पण गोळीन पोर हसाक लागली होती. म्हटला, तीर्थ पण असू दे, गोळी पण असू दे. एक नाय तर दुसरा लागात. सकाळच्या आंबलीत कुटून घालत होतंय. तिका कळू न देता."

डॉक्टरांनी काही म्हणायच्या आधीच खाटेवरून आवाज आला. अनुजा. डोळे मिटलेले, दात वाजत होते.

"मम्मी... मी पण घेत होते. दुसरं पाकीट आणलं... पर्समध्ये. तुला वाईट वाटेल म्हणून..."

आई लेकीला चोरून गोळी देत होती, लेक आईपासून चोरून तीच गोळी घेत होती, आणि वर सकाळ-संध्याकाळ तीर्थ. तिघांनी एकमेकांवर माया केली होती, आईनं, भावानं आणि तिनं स्वतः. आणि त्या मायेनं अनुजा मरायला टेकली होती.

"तीर्थात काय आहे?" डॉक्टरांनी बाटली हुंगली. "वासावरून कळणार नाही."

तेव्हा मला ती रांग आठवली. लाज सोडून सांगितलं. चाळीचं बसलेलं पोट, काकांचा न दुखणारा गुडघा, बुवा गावी गेल्यावर आलेल्या जांभया, गळणारं नाक.

डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिल्या. "किती लोक पितात हे?"

"सगळा मजला."

"दुखणं मारणारी एक गोळी असते, अफूच्या कुळातली. ट्रॅमाडॉल. गुडघा शांत, पोट बंद, आणि मिळाली नाही की शरीर मागतं. तेच वाटतंय. तपासायला पाठवते." मग त्या रमाबाईंजवळ स्टुलावर बसल्या आणि आवाज खाली आणला. "काकू, मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. अनुजाची गोळी ते थोडं वाढवते. मापात वाढलं तर मन सावरतं. तिला माप मिळालं दुप्पट. आणि ही दुखण्याची गोळीसुद्धा तेच रसायन वाढवते. मग ताप, घाम, जुलाब, थरथर, ही पायाची ठकठक. याच्या पुढं फिट येते. तो पेला पोटात गेला असता तर ती इथवर पोचली असती की नाही, सांगता येत नाही."

"म्हणजे भूत..."

"भूत नाही. दोन औषधं, एकमेकांशी न पटणारी."

रमाबाईंनी लेकीचा थरथरणारा पाय दोन्ही हातांनी धरला आणि त्यावर कपाळ टेकवलं. किती वेळ त्या तशाच होत्या, मी बघितलं नाही. मला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पाय थांबला. दुपारी अनुजानं चहा मागितला, आणि चहा बरा नाही म्हणून तक्रारही केली. तेव्हा मी बाहेर जाऊन रडून घेतलं.

तपासणीत तीर्थातून ट्रॅमाडॉलच निघालं. पोलिसांना बुवांच्या करी रोडच्या खोलीत खलबत्ता सापडला, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची पिशवी सापडली. चमत्कार तो एवढाच. गुडघेदुखी, पाठदुखी असलेल्यांना दुखणं मारणारं औषध मिळत होतं, म्हणून ते जिने चढत होते. आणि मनाची गोळी घेणारं कुणी समोर आलं की त्याचं अंग थरथरायचं. हे थरथरणं बुवानं याआधी कुठंतरी पाहिलं होतं. घाबरून थांबायचं सोडून त्यानं ते आपल्या शास्त्रात बसवलं. ज्या माणसाला एक थेंबही देऊ नये, त्यालाच तो पेला देत होता.

पोलीस त्याला घेऊन चाळीत आले तेव्हाही तोंड चालूच. "गोळी तरी कोणी निर्माण केली? देवानंच ना?"

जयवंतकाका कठड्याला धरून उभे होते. काठी परत आली होती. "मग गोळी म्हणान द्यायची होतीस, रांडेच्या! तीर्थ कित्या म्हटलंस? माझ्या देवाक तुझ्या खलबत्त्यात कित्या घातलंस?"

काकांना आणि बाकीच्यांना डॉक्टर उर्वींकडं न्यावं लागलं, कारण अशी सवय लागलेलं औषध तोडतानाही डॉक्टरच्या नजरेखालीच तोडावं लागतं. काकांचा गुडघा दुखतो. पण तो दुखतो हे त्यांना कळतं, आणि त्यावर आता खरा इलाज चालू आहे.

मी चाळीत जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मनाची गोळी ही लाजेची गोष्ट नाही, शक्तीची गोळीही नाही. ते औषध आहे, आणि कुठल्याही औषधासारखं ते दुसऱ्या औषधाशी भांडू शकतं. दुखण्याची गोळी, खोकल्याचं औषध, कुणी दिलेला झाडपाल्याचा काढा, दारू, यातलं काहीही पोटात घालण्याआधी डॉक्टरला विचारा, आणि त्याला सगळं सांगा. कमीपणा वाटतो ते आधी सांगा. घरात चोरून देऊ नका, चोरून घेऊ नका. बरं वाटलं म्हणून किंवा कुणी बुवा म्हणाला म्हणून एकदम बंद करू नका. सुरुवातीच्या दिवसांत घरचं माणूस जास्त बेचैन झालं, मरणाबिरणाचं बोलायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि कुणाचं अंग थरथरायला लागलं, तर कोण आलंय हे नंतर विचारा. आधी काय पोटात गेलंय ते विचारा.

अनुजाची गोळी डॉक्टरांनी काही दिवस थांबवली आणि मग बेतानं पुन्हा सुरू केली. आता ती एकच घेते, सगळ्यांदेखत.

परवा तिला खोकला झाला. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात आम्ही तिघी गेलो. ती, रमाबाई आणि मी. दुकानात आमच्याच चाळीतली चार माणसं. दुकानदारानं न विचारता फळीवरची एक बाटली काढून समोर ठेवली.

"थांबा," अनुजा म्हणाली. "मी डिप्रेशनची गोळी घेते. त्याच्याबरोबर हे चालतं का?"

दुकानदार गोंधळला. चार माणसांनी माना वळवल्या. माझी नजर आपोआप रमाबाईंकडं गेली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. पदर सावरला, काउंटरला टेकल्या.

"मोठ्यान सांग गो," त्या लेकीला म्हणाल्या, "पंख्याच्या आवाजात तेका ऐकाक येत नाय."

अनुजानं मोठ्यानं सांगितलं. दुकानदारानं बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली, मान हलवली आणि बाटली परत फळीवर ठेवून दिली.